शेकोटीवरचं गोड: आधी या चुका टाळा

पावसाळा संपला की पवना, पानशेत, भंडारदऱ्याच्या काठांवर तंबू दिसू लागतात. रात्रीची जेवणं उरकली की मुलांचा ठरलेला प्रश्न येतो, गोड काय? बहुतेक वेळा उत्तर म्हणून मार्शमॅलोचं पाकीट फुटतं. मार्शमॅलो म्हणजे मुख्यतः साखर, कॉर्न सिरप आणि जिलेटिन. हे जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, त्यामुळे शाकाहारी घरांनी पाकिटावरचा मजकूर वाचूनच घ्यावं. पण हौसेनं फळं आणि रताळी नेणाऱ्यांचंही बऱ्याचदा फसतं. बाहेरून कोळसा, आत कच्चं, आणि मग चव सावरायला वरून गूळ, मध, चॉकलेट. माझं स्पष्ट मत आहे की शेकोटीवरच्या गोडात साखर वाढते ती घाईमुळे. विस्तवाला वेळ दिला तर फळाची आपली गोडी पुरते.

ज्वाळेवर भाजायला घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच. लाकडं पेटली, ज्वाळा उठल्या की मुलं काड्या घेऊन पुढे सरसावतात. ज्वाळेवर साल दोन मिनिटांत काळी पडते आणि आतला गर गारच राहतो. शिवाय फळावर काजळी बसते, ती कडू लागते. भाजायचं ते निखाऱ्यावर. बाभळीसारखं कठीण, वाळलेलं लाकूड असेल तर चांगले निखारे पडायला पाऊण ते एक तास लागतो. म्हणून शेकोटी जेवणाच्या आधी पेटवा, गोडाची वेळ येईपर्यंत ती आपोआप बसते. घरून वाळलेल्या करवंट्या नेल्या तर आणखी उत्तम, त्यांचे निखारे कडक आणि टिकाऊ होतात. सुरुवातीला त्या धूर मात्र करतात, तो जाऊ द्यावा.

निखारे तयार झालेत का हे बघायला त्यांच्यावर वीतभर उंचीवर तळहात धरा. दोन-तीन आकड्यांतच हात मागे घ्यावा लागला तर आच फार आहे. सहा-सात मोजता आले तर फळांसाठी योग्य.

रताळ्याला तर याहूनही मंद आच हवी, आणि त्यामागचं कारण कळलं की घाई करावीशी वाटत नाही. रताळ्यात पिष्टाचं माल्टोज नावाच्या साखरेत रूपांतर करणारं एक विकर (एन्झाइम) असतं. रताळं गरम होत असताना, साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या टप्प्यात, ते जोरात काम करतं आणि त्याहून जास्त तापलं की निकामी होतं. म्हणजे रताळं या टप्प्यात जितकं रेंगाळेल तितकं गोड होईल. एकदम कडक आचेवर टाकलं तर ते शिजतं, पण फिकं राहतं. हाताच्या मुठीत मावेल असं रताळं, साल न काढता, निखाऱ्यांच्या कडेला राखेत पुरा आणि दर दहा मिनिटांनी फिरवत पाऊण तास राहू द्या. नीट झालं की सालीच्या चिरांतून मधासारखा चिकट रस फुटून जागीच करपतो. फोडून वर चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा तूप. गूळ लागतच नाही.

तूप शेवटी घालायचं, हेही लक्षात ठेवा. भाजताना लावलं तर निखाऱ्यावर ठिबकतं, भडका उडतो आणि तो धूर पदार्थाला लागतो.

कोणतंही फळ चालेल असं समजणं

वेलची केळी रोजच्या खाण्याला छान, पण निखाऱ्यावर त्यांचं गुळगुळीत पाणी होतं. राजेळी केळी घ्या. वसईकडे याच केळ्यांची, साखरेचा कणही न घालता, उन्हात वाळवून सुकेळी करतात, यावरून त्यांच्या अंगच्या गोडीचा अंदाज येईल. सालीवर काळे ठिपके आलेलं, पण बोटानं दाबल्यावर न खचणारं केळं निवडा. सालीला उभी चीर देऊन चीर वर ठेवून आठ-दहा मिनिटं भाजा. साल पूर्ण काळी झाली तरी हरकत नाही, तेच त्याचं भांडं. मग चिरेत शेंगदाण्याचं कूट, वेलची आणि हवा असेल तर डार्क चॉकलेटचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. चॉकलेट केळं विस्तवावरून उतरवल्यावरच घाला, नाहीतर ते करपून दाणेदार होतं.

सफरचंद घट्ट हवं. मऊ, पिठूळ फळाचा लगदा होतो. मधला भाग कोरून त्यात खजूर आणि दालचिनी भरली की अर्ध्या तासात तयार. स्ट्रॉबेरी भाजायच्या भानगडीत पडू नका. महाबळेश्वरची ताजी मिळाली असेल तर चिरून तशीच गरम केळ्यावर घाला.

गूळ आणि मध हात सैल सोडून घालणं

‘पौष्टिक आहे’ म्हणत साखरेच्या दुप्पट गूळ घातला जातो. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी असतात, गुळात सुमारे ३८०. फरक एवढाच. गुळात थोडी खनिजं असतात, चवही खोल असते, पण शरीराच्या हिशेबात ती साखरच. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर, मध, सिरप हे सगळं एकाच खात्यात धरते आणि ते रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत ठेवा असं सांगते. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे दिवसाला साधारण सहा चमचे. कॅम्पवर दिवसभर चहा, सरबत, बिस्किटं झालेलीच असतात.

डायजेस्टिव्ह बिस्किटांचंही तेच. नावाला भुलू नका, त्यात साखर आणि तेल दोन्ही असतं. त्याऐवजी नाचणीची पातळ भाकरी घरून न्या, कडेला शेकून कुरकुरीत करा आणि तिच्यावर भाजलेलं केळं पसरा.

एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटावर चाटवायलासुद्धा नाही. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सगळं फॉइलमध्ये गुंडाळणं

अननस, संत्रं, लिंबू लावलेली फळं अशी आंबट वस्तू ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये तापवली की धातू थोडा पदार्थात उतरतो, चवही बिघडते. केळीचं पान न्यावं. आचेवरून एकदा फिरवलं की ते मऊ होतं, फाटत नाही. तांदळाचं पीठ, कुस्करलेलं केळं, चिमूटभर मीठ आणि पाणी यांचं सरसरीत पीठ पानावर थापा, वरून दुसरं पान ठेवा आणि निखाऱ्यांवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी शेका. ही पानगी. पिकलेलं केळं असेल तर तिला गूळ लागत नाही, वर थोडं तूप पुरे. ओला नारळ मात्र सकाळीच किसून नेऊ नका, दुपारच्या उन्हात डब्यात आंबतो. नारळ अख्खा न्या, तिथे फोडा.

काड्या, दगड आणि जागा

सापडेल त्या झाडाची काडी फळात खुपसू नका. कण्हेर सर्रास लावलेली असते आणि ती पूर्ण विषारी आहे. तिची काडी नको, सरपण म्हणूनही नको. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवून वापरा. चुलीला ओढ्यातले ओले दगड लावू नका, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड विस्तवात टाकू नका.

भाजलेल्या केळ्याच्या पोटातली वाफ जीभ पोळते, मुलांच्या हातात देण्याआधी पाच मिनिटं थांबा. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे नकोत, कूटच द्या.

आणि शेकोटी कुठे पेटवायची हे आधी विचारा. भंडारदऱ्याचा बराचसा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि माघानंतरच्या वाळल्या गवतात एक ठिणगीही वणव्याला पुरते. परवानगी असलेल्या कॅम्पवर, बांधलेल्या चुलीतच करा. थंडी वाजते म्हणून निखाऱ्याचं घमेलं तंबूत नेऊ नका, कार्बन मोनॉक्साइडनं झोपेतच जीव जातो. झोपण्याआधी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. राखेला हात लावता आला पाहिजे.

उरलेली रताळी फॉइलमध्ये असतील तर रात्रभर तशीच ठेवू नका, हवाबंद उबेत त्यांच्यातही बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. राखेत भाजलेली असतील तर सालीसकट बर्फाच्या डब्यात ठेवा. सकाळी सोलून दह्यात कुस्करा, वर जिऱ्याची पूड आणि मीठ घाला, नाश्त्याला होतात.