प्लास्टरातला हात मनात हलवताय? या चुका टाळा

फेब्रुवारीत सिमेंट रोडच्या कडेवरून स्कूटी घसरली आणि माझं उजवं मनगट मोडलं. आपल्या नागपुरात त्या रोडची कड आणि शेजारची माती यांच्यात चार बोटांची पायरी असते, हे रोज बघूनही पडले. प्लास्टर असेपर्यंत मनगटाची हालचाल मनातल्या मनात करा, असं फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं. मी मान डोलावली आणि दहा दिवस चुकीचंच केलं.

मी स्वतःला बाहेरून बघत होते, लग्नाच्या व्हिडिओत दिसावं तसं. चित्र छान दिसायचं, हाताला मात्र काही कळायचं नाही. ताई म्हणाल्या, "बघू नका, आतून जाणवू द्या." मृग बहराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली संत्री बाजारात होतीच. एक डाव्या तळव्यावर घेतलं: त्याचं वजन, सालीचा खरखरीत गारवा, अंगठ्याचं नख रुतताना मनगटाला येणारा ताण. मग डोळे मिटून तेच सगळं उजव्या हातात आणलं. तिसऱ्या दिवशी प्लास्टरच्या आत काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं.

दुसरी चूक घाईची. डाव्या हाताने पेला ओठांपर्यंत न्यायला चार सेकंद लागतात. मनात मी तो एका सेकंदात नेत होते. खऱ्या हालचालीला जेवढा वेळ, साधारण तेवढाच मनातही लागायला हवा. मोबाइलवर वेळ लावून बघा, लगेच पकडले जाल.

अपेक्षाही बेतात ठेवा. २०१४ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात धडधाकट माणसांचं मनगट चार आठवडे प्लास्टरात ठेवलं होतं. काहीच न करणाऱ्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली, तर मनात जोर लावणाऱ्यांची सुमारे २४ टक्के. म्हणजे स्नायूंना हुकूम देणारी मेंदूतली वाट पूर्ण बुजत नाही, इतकंच. हाड मात्र आपल्या वेळेनेच जुळतं. बोटं बधिर किंवा निळी पडली, आत ठणका वाढत गेला, तर कल्पना करत बसू नका. थेट दवाखाना गाठा.

सांधा नेमका कुठे आहे हे माहीत नसणं, ही चूक तर घरोघरी. खुब्याचा सांधा म्हणून सगळे कमरेच्या बाजूच्या टोकदार हाडावर हात ठेवतात. तो असतो जांघेत खोल. पाय तिथून हलतोय असं मनात धरून फुटाळा तलावावर चालून बघा, पाऊल वेगळं पडेल. पण हे थोडा वेळच. चालताना, विशेषतः जिना उतरताना, प्रत्येक स्नायूकडे लक्ष देत बसलात तर चाल अडखळते. तिथे नजर पुढच्या पायरीवर हवी.

नुसत्या कल्पनेनेही दुखत असेल तर हालचाल लहान करा, अर्धीच करा. दात-ओठ खाऊन करायचं हे काम नव्हे.

आणि डोळे मिटल्यावर चित्रच दिसत नाही म्हणून सोडून देऊ नका. काहींना ते दिसतच नाही. माझी आई त्यातलीच. मी संत्र्याचं सांगितलं तर म्हणाली, "मले तं काही दिसत नाही बाप्पा. पण पोळी लाटाची म्हटलं की हाताले कळते."