राखेचा हलका ठोकळा ओतताय? या चुका टाळा

कोळशाच्या वीजकेंद्रातली राख पाण्यात टाकली की तिचा थोडा भाग वर तरंगतो. तेच सेनोस्फिअर, आतून पोकळ गोळे. हलका ठोकळा करायला इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवात) तेच हवेत. दाराशी आहे म्हणून गोव्यातल्या डिचोलीकडची लोहखनिजाची खाणमाती घालू नका. तिच्यातल्या हेमॅटाइटची, म्हणजे लोहखनिजाची, घनता 5.2 च्या आसपास (इथल्या सगळ्या घनता ग्रॅम प्रति मिली), त्याने ठोकळा जडच होणार.

सगळ्यात चिवट चूक हिशोबातली. एका प्रकल्पगटाने घनफळाने 40 टक्के गोळ्यांचा ठोकळा ठरवला. मोजपात्रात भुकटी भरून वजन केलं, घनता 0.4 आली, आणि 60 मिली इपॉक्सीत 16 ग्रॅम भुकटी घातली. पण त्या 0.4 मध्ये गोळ्यांच्या मधली हवाही मोजली गेली होती. गोळ्यांची स्वतःची घनता 0.75, म्हणजे आत गेले जेमतेम 21 मिली, प्रमाण 26 टक्के. अपेक्षा 0.86 ची, ठोकळा निघाला 1.05 चा. मंडळींनी निदान केलं, गोळे फुटले! मग पुढचे घाणे इतके हळू ढवळले की आत कोरड्या गुठळ्या राहिल्या.

पुरवठादाराकडून हेलियम पिक्नोमीटरवर (मधली हवा वगळून फक्त गोळ्यांचं घनफळ मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेली घनता मागा. ती 0.75 असेल, तर त्याच 40 टक्क्यांसाठी 100 मिलीला 30 ग्रॅम गोळे आणि 69.6 ग्रॅम इपॉक्सी (घनता 1.16). हार्डनर वजनाने 10:1 वाला असेल, तर रेझिन 63.3 आणि हार्डनर 6.3 ग्रॅम. अपेक्षित घनता 0.996. ठोकळा 0.94 चा निघाला तर साडेपाच टक्के हवा अडकली आहे. आकडा अपेक्षेपेक्षा वर गेला, तर आधी वजनं तपासा, मगच फुटलेल्या गोळ्यांचा संशय घ्या.

ढवळायला ड्रिल मशीन लावायचं नाही. हातात लाकडी पट्टी घ्या, घाई असेल तर हे काम सोडा.

जूनपासून चतुर्थीपर्यंत वेगळंच दुखणं. भुकटी 105 अंशांवर रात्रभर सुकवतात आणि सकाळी उघड्या ताटात गार करत ठेवतात. वेर्ण्याच्या (गोव्यातल्या) शेडमधल्या त्या पावसाळी हवेत ती पुन्हा ओल धरते. भट्टीतून काढली की सिलिका जेल घातलेल्या घट्ट बरणीत भरा, आणि पूर्ण गार झाल्यावरच मिसळा. गरम भुकटीने रेझिन भांड्यातच आवळतं, म्हणजे घट्ट होतं. हार्डनरचा डबा उघडा राहिला तर ठोकळ्यावर चिकट पांढरट थर येतो.

पातळ मिश्रण लगेच साच्यात ओतलं की गोळे वर चढतात. मिश्रण जरा दाटू द्या, आवळायला लागण्याआधी ओता. खात्रीसाठी ठोकळ्याचा वरचा आणि खालचा काप वेगवेगळा तोला. दोन घनतांत 0.03 पेक्षा जास्त फरक आला, तर माझ्याकडे तो घाणा बाद. ताकद मोजायची गरजच नाही.

दाबचाचणीचे नमुने 12.7 × 12.7 × 25.4 मिमी, वेग मिनिटाला 1.3 मिमी, निदान पाच नमुने. दोन्ही टोकं समांतर घासा. तिरकं टोक कोपऱ्यातून चिरतं, आणि दोष बिचाऱ्या राखेवर येतो.