डेस्कटॉपला छोटी एसएसडी लावताय? पॉवरच्या जोडणीत या चुका टाळा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या छोट्या एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्ह, स्वस्तात मिळतात. थिंकपॅड एक्स301 किंवा टी410एसमध्ये असायची तसली 1.8 इंची, नाहीतर उघड्या सर्किट बोर्डाच्या एमसॅटा, एम.2 सॅटा. (सॅटा म्हणजे ड्राइव्ह पीसीला जोडायची नेहमीची पद्धत.) घरातल्या म्हाताऱ्या पीसीवर विंडोज टाकायला त्या पुरेशा असतात. अडतं ते एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) वायरपाशी. कनेक्टर जुळत नाही म्हटल्यावर दुकानदार एक अ‍ॅडॅप्टर हातावर ठेवतो, ‘चालेल साहेब, बिनधास्त लावा.’ अ‍ॅडॅप्टर बसतोही. पण त्यातून ड्राइव्हपर्यंत किती व्होल्ट पोचतात हे ना तो बघतो, ना आपण.

नेहमीची 2.5 इंची सॅटा एसएसडी साधारणपणे 5 व्होल्टवर चालते, त्यामुळे तिथे फारसा घोळ होत नाही. 1.8 इंचीचा मायक्रो-सॅटा कनेक्टर वेगळा आहे. साध्या सॅटाच्या पॉवरच्या भागात 15 पिना असतात, याच्यात 9. 12 व्होल्टची लाइन यात नाहीच, 3.3 आणि 5 व्होल्ट आहेत, आणि यातल्या बऱ्याच ड्राइव्हना 3.3 व्होल्टच लागतात. आता मोलेक्स, म्हणजे एसएमपीएसचा जुना चार पिनांचा कनेक्टर, बघा: पिवळी वायर 12 व्होल्ट, लाल 5 व्होल्ट, दोन काळ्या ग्राउंडच्या. 3.3 व्होल्ट आहेतच कुठे? अशा मोलेक्सला नुसत्या वायरी जोडून केलेला स्वस्त अ‍ॅडॅप्टर लावला, तर ड्राइव्ह बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसतच नाही. मग ‘माल डेड निघाला’ म्हणून दुकानात भांडण. ड्राइव्ह बिचारी ठणठणीत असते.

चांगला अ‍ॅडॅप्टर ओळखणं कठीण नाही. त्यावर छोटी पाटी (सर्किट बोर्ड) असते, पाटीवर तीन पायांची काळी चिप आणि शेजारी एकदोन कपॅसिटर. चिपवर बहुतेक वेळा 1117 आणि 3.3 असं लिहिलेलं सापडतं. हा रेग्युलेटर, 5 चे 3.3 व्होल्ट करणारा. मात्र 1117 जातीची चिप साधारण 1 अँपिअरपर्यंतच झेपवते, म्हणून ड्राइव्हच्या लेबलवर 3.3 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते आधी वाचा. एमसॅटा आणि एम.2 सॅटाही 3.3 व्होल्टवाल्याच. 2.5 इंची खोक्यात बसवणाऱ्या त्यांच्या कन्व्हर्टरवर सहसा असा रेग्युलेटर असतो. एनव्हीएमई (नव्या, वेगवान जातीची) एम.2 मात्र त्या कन्व्हर्टरमध्ये चालणारच नाही, तिथे भानगड पॉवरची नसून ती सॅटाची भाषाच बोलत नाही.

मायक्रो-सॅटाच्या काही पाट्या चिपशिवाय येतात आणि एसएमपीएसच्या सॅटा कनेक्टरमधून सरळ 3.3 व्होल्ट घेतात. चालतात, पण त्या कनेक्टरच्या मागे पाच वायरी हव्यात. चारच दिसल्या तर बहुधा नारिंगी, म्हणजे 3.3 ची वायर गाळलेली असते. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, मल्टिमीटरने व्होल्ट मोजा. (गंमत म्हणजे काही नव्या सर्व्हरच्या हार्ड डिस्कना उलटं दुखणं असतं. तिसऱ्या पिनवर 3.3 व्होल्ट आले की त्या बंदच राहतात. तिथे मोलेक्सचा अ‍ॅडॅप्टर उपयोगी पडतो.)

इथपर्यंतच्या चुकांत ड्राइव्ह फक्त झोपून राहते. पुढच्या दोन चुकांत ती मरते.

पहिली, मॉड्युलर (केबली सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसची केबल दुसऱ्या एसएमपीएसला लावणं. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधीकधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलते. 5 च्या जागी 12 व्होल्ट गेले की एसएसडी क्षणात खलास, आणि डेटाही बहुधा तिच्याबरोबर. कपाटातली जादाची केबल कितीही तंतोतंत बसली तरी नको. कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये कधीकधी मदरबोर्डवरच्या छोट्या कनेक्टरमधून पॉवर येते, तिथेही हाच नियम: त्याच मॉडेलची केबल, नाहीतर मल्टिमीटरने मोजून खात्री. लाल तारेवर 4.75 ते 5.25 व्होल्टच्या आत आकडा हवा.

दुसरी, मोलेक्स उलटा दाबणं. त्याच्या एका बाजूचे कोपरे कापलेले असतात, त्यामुळे तो उलटा जाऊ नये. पण सैल, स्वस्त प्लास्टिक जोर लावला की जातं, आणि 12 व 5 व्होल्टची अदलाबदल होते. जोर लावावा लागतोय म्हटल्यावरच थांबायला हवं.

मोलेक्स-टू-सॅटा अ‍ॅडॅप्टर घेताना कनेक्टरची मागची बाजू नीट बघा. वायरीभोवती प्लास्टिक ओतून एकसंध केलेला असेल तर परत ठेवा. त्या ओतकामात आतल्या वायरी सरकून जवळ येतात, शॉर्ट होतात, आणि असे कनेक्टर जळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. मागून झाकण दाबून बसवलेला, वायरी वेगवेगळ्या दिसणारा घ्या. थोडा महाग पडतो, पण घासाघीस करायची ही जागा नाही. आणि एसएसडीच्या स्प्लिटरवरून (एका वायरीच्या दोन करणाऱ्या जोडणीवरून) ग्राफिक्स कार्डला पॉवर ओढू नका.

ड्राइव्ह दिसते, पण मधूनच गायब होते? ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये बघा. सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर डेटा केबल बदला, पॉवरच्या मागे लागू नका. पीसी नीट बंद करूनही अचानक पॉवर गेल्याचा आकडा चढत असेल, तर सैल कनेक्टरवर संशय घ्या. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 129 क्रमांकाच्या नोंदी ओळीने दिसल्या, तर ड्राइव्ह वेळेत उत्तर देत नाही म्हणून विंडोज तिला पुनःपुन्हा रीसेट करतंय. तेव्हा आधी दोन्ही केबली बदलून बघा.

उघड्या पाटीची एमसॅटा किंवा एम.2 असेल, तर ती कॅबिनेटच्या पत्र्याला टेकता कामा नये. खोक्यात बसवा, निदान खाली प्लास्टिक तरी घाला. मग एखादी मोठी फाइल कॉपीला लावा आणि अर्ध्या तासाने अ‍ॅडॅप्टरला बोट लावून बघा. रेग्युलेटर कोमट असेल तर ठीक. प्लास्टिकचा कनेक्टर तापलेला लागला, तर पीसी बंद करा आणि तो अ‍ॅडॅप्टर फेकून द्या.