दोन खोल्यांचा होमस्टे आणि चार ठिकाणचा कर

२०२३ च्या दिवाळीत पुण्याचं एक जोडपं आमच्याकडे दोन रात्री राहिलं. निघताना मी बिलबुकातून पावती फाडली. खोलीभाडं ४,०००, खाली जीएसटी १२ टक्के, ४८०. पाचगणीतल्या एका हॉटेलच्या बिलावर तसं बघितलं होतं, म्हटलं आपणही लिहावं, जरा रीतसर दिसेल. त्या बाई सीए निघाल्या. पावती उलटसुलट करून म्हणाल्या, "काकू, तुमचा जीएसटी नंबर कुठाय?"

नंबर नव्हताच. नोंदणी नसताना पाहुण्याकडून जीएसटी घ्यायला कायद्यानं मनाई आहे, हे मला त्या दिवशी कळलं. ४८० रुपये तिथंच परत केले. त्यांनी मग चहाच्या दुसऱ्या कपावर अर्धा तास शिकवणी घेतली. आता आमच्या महाबळेश्वर भागातल्या, भिलारकडच्या, तापोळ्याकडच्या बायका मला विचारायला येतात, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. आमचा पसारा लहान आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली आम्ही, मागं स्ट्रॉबेरी.

जीएसटीचं आधी सांगते, कारण घाबरतात सगळ्या त्यालाच. महाराष्ट्रात सेवेच्या धंद्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. त्याच्या आत असाल आणि पाहुणा थेट फोनवर बुकिंग करून आला, तर जीएसटी नाही. साधी पावती द्या, भाडं लिहा, सही करा. पण तोच पाहुणा बुकिंगच्या अ‍ॅपवरून आला, तर त्याच्याकडून जीएसटी घेऊन सरकारात भरायचं काम अ‍ॅपवाल्या कंपनीचं. आपली नोंदणी नसली तरी. म्हणून एकाच खोलीचं एकाला ३,००० पडतं आणि दुसऱ्याला ३,१५०. दोघं एकाच वेळी नाश्त्याला बसले की हा विषय हमखास निघतो. दोन्ही बरोबर आहे, वरचे दीडशे आपल्या खिशात येत नाहीत, एवढं सांगता आलं पाहिजे.

दर असा: खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी खालचा दर १२ होता, म्हणून जुन्या पावत्या बघून हिशेब मांडू नका. "हजाराच्या आतल्या खोलीला कर नाही" असंही कुणी सांगेल. ती सूट जुलै २०२२ मध्येच गेली. आणि ७,५०० हा आकडा प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर लागतो, भिंतीवरच्या दरपत्रकावर नाही. आमच्या ओळखीचे एक जण पाच खोल्यांचा बंगला अ‍ॅपवर अख्खा, एकाच नावानं १५,००० ला टाकत. पाहुण्याला १८ टक्के लागायचे. खोल्या सुट्या करून ३,००० नं टाकल्या तसे ५ वर आले.

आता मोजायचं काय, हे नीट बघा, चूक इथंच होते. अ‍ॅपवरून एका रात्रीचं बुकिंग आलं, भाडं ३,०००. माझ्या करारात कमिशन १५ टक्के, म्हणजे ४५०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ८१ रुपये. बँकेचा मेसेज येतो २,४६९ चा. बहुतेक जणी वहीत २,४६९ लिहितात. उलाढाल मात्र ३,००० ची झाली. ५३१ हा आपला खर्च. २० लाखांच्या हिशेबातही ३,००० धरायचे आणि प्राप्तिकरातही. शिवाय उलाढाल पॅनवर मोजली जाते, घरावर नाही. त्याच पॅनवर वाईत एखादा गाळा भाड्यानं दिला असेल तर ते भाडंही यात मिळवायचं.

म्हणून माझ्या वहीत रकाने असे आहेत: तारीख, किती रात्री, पाहुण्यानं दिलेलं भाडं, कमिशन, हातात आलेले, आणि रोख की ऑनलाइन. शेवटचा रकाना का, ते पुढं येतंय.

प्राप्तिकर. आमच्याकडचा आवडता गैरसमज असा की खोली शेतात आहे, म्हणजे पैसे शेतीचे, म्हणजे कर नाही. आमच्या ह्यांनीही मला हेच सुनावलं होतं. स्ट्रॉबेरी विकून आलेले पैसे शेतीचे; त्या रानाकडं खिडकी असलेल्या खोलीचं भाडं शेतीचं नव्हे. निव्वळ घर भाड्यानं दिलं तर ते घरभाड्याचं उत्पन्न. त्यात भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून ३० टक्के सरसकट सूट मिळते. रोजच्या रोज पाहुणे, चादरी, चहा-नाश्ता, झाडलोट असा कारभार असेल तर धंद्याचं उत्पन्न मांडतात. आपलं कशात बसतं हे पहिल्या वर्षी सीएला विचारून ठरवा, तिथं पैसे वाचवू नका. धंद्यात धरलं तर अंदाजे नफ्याची सोय आहे: ऑनलाइन आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवायचा. माझी गेल्या वर्षीची उलाढाल ७,४०,००० होती. त्यात ६ लाख ऑनलाइन, बाकी रोख. ३६,००० आणि ११,२०० मिळून दाखवायचा नफा ४७,२०० झाला. रोख-ऑनलाइनचा रकाना त्यासाठी. नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य होतो, तरी विवरणपत्र मी भरतेच. कर्जाला बँक तेच मागते.

अ‍ॅपवाले टीडीएसही कापतात, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापलेला प्राप्तिकर. ऑक्टोबर २०२४ पासून दर ०.१ टक्का आहे, म्हणजे ३,००० ला ३ रुपये. एकट्या माणसाची त्या अ‍ॅपवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेलं असेल, तर तेही नाही. पण शेजारच्या वहिनींचं पॅन आधारला जोडलेलंच नव्हतं. प्रत्येक ३,००० ला १५० कापले जात होते, पाच टक्क्यांनी. सहा महिने त्या "कमिशन वाढवलंय मेल्यांनी" म्हणून अ‍ॅपला शिव्या देत होत्या. अ‍ॅपवर नाव टाकण्याआधी पॅन-आधार जोडणी तपासा.

घरपट्टी. गावात ग्रामपंचायत, सातारा-वाई-पाचगणी-महाबळेश्वरात नगरपरिषद, सांगलीकडच्यांना महानगरपालिका. गावातली घरपट्टी भांडवली मूल्यावर असते आणि राहण्याच्या व व्यापाराच्या वापराला वेगळा भारांक, म्हणजे गुणायचा आकडा, लागतो. गप्प बसलात तर एखाद्या वर्षी अख्खं घर व्यापारी म्हणून लागून येतं. मी स्वतःच अर्ज दिला, सोबत हातानं काढलेला नकाशा जोडला: खाली आम्ही राहतो, वर दोन खोल्या पाहुण्यांच्या. टेप लावून मोजमाप झालं आणि नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी आकारणीच्या उताऱ्यावर, वापर वेगवेगळा लिहून आला. त्या उताऱ्याच्या तीन प्रती काढून ठेवा. पर्यटन खात्याच्या न्याहारी व निवास योजनेत नाव नोंदवायला जाल तेव्हा घराचे कागद लागणारच. आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे निसर्ग जपायला बांधकामावर निर्बंध असलेला भाग. घरपट्टी भरली म्हणजे वाढीव बांधकाम कायदेशीर झालं, असं अजिबात नाही.

व्यवसाय कर, म्हणजे धंदा करतो म्हणून राज्य सरकारला द्यायचा, थोडक्यात. वर्षाला २,५००, स्वतःची नावनोंदणी करून ३० जूनच्या आत भरायचा. वयाची ६५ उलटली असेल तर माफ.

राहिली नाक्यावरची पावती. महाबळेश्वर-पाचगणीत शिरताना पर्यटकांकडून नगरपरिषद कर घेते. पाहुणे ती पावती माझ्यापुढं धरून "हे बिलातून वजा करा" म्हणतात. ते माझ्याकडं येत नाहीत, वजा होत नाहीत. जुने पाहुणे "लक्झरी टॅक्स वेगळा का हो?" असंही विचारतात. तो १ जुलै २०१७ ला जीएसटीत गेला. बेळगावच्या एका साहेबांनी तर अ‍ॅपच्या बिलावर महाराष्ट्राचा राज्य जीएसटी का, म्हणून वाद घातला. खोली जिथं, कर तिथला, पाहुणा कुठूनही येवो. त्यांना पटलं नाही, पण पुढच्या मे महिन्यात पुन्हा आले आणि या वेळी बुकिंग थेट फोनवर केलं.