टोरांटोचा पहिला हिवाळा: बूट, उजेड, स्केटिंग आणि तुळस

टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ओकव्हिल या पट्ट्यात ज्यांचा हा पहिला हिवाळा आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. थंडीची धास्ती सगळेच घेतात, पण अंगभर नीट कपडे असले की थंडी निभावते. माणूस खचतो तो अंधाराने आणि घरात कोंडून घेतल्याने. दरवर्षी नवीन आलेली मंडळी नोव्हेंबरात दार लावून घेतात, डिसेंबरात झोप बिघडते, जानेवारीत चिडचिड सुरू होते, आणि फेब्रुवारीत ‘हा देशच आपल्यासाठी नाही’ असं ठरवून टाकतात. देशाचा निकाल फेब्रुवारीत लावू नका. ऑक्टोबरपासून चार सवयी लावून घ्या.

सगळ्यात आधी बूट. ही एक गोष्ट मी तीनदा सांगणार आहे, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. दुकानात बुटावर ‘मायनस ३०’ असा आकडा असतो, तो बघून लोक बूट घेतात. तो आकडा फक्त उबेचा आहे. पकडीशी त्याचा काही संबंध नाही. आत जाड लोकर आणि खाली कडक प्लास्टिकसारखा तळवा असलेला बूट पाय गरम ठेवतो आणि बर्फावर सरळ आडवा पाडतो. तळवा नखाने दाबून बघा. थंडीतही मऊ राहणारं रबर हवं. टोरांटो रिहॅब या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बूट उतरत्या बर्फाळ फळीवर तपासतात आणि पकडीप्रमाणे हिमकणाची खूण देतात. सात अंशांच्या उतारावर टिकला तर एक खूण, त्याहून तीव्र उतारावर टिकला तर दोन किंवा तीन. ‘रेट माय ट्रेड्स’ नावाने ही यादी फुकट बघायला मिळते. ती बघा आणि मगच पैसे मोजा.

पडल्यावर काय होतं तेही ऐकून ठेवा. घसरताना माणूस आपसूक हात टेकतो आणि मनगट मोडतं. ओहिप कार्ड, म्हणजे ऑन्टॅरिओचा सरकारी आरोग्य विमा, असलं की प्लास्टरचा खर्च सरकार उचलतं, पण अँब्युलन्सचे ४५ डॉलर बहुतेक वेळा तुमचेच. नंतरची फिजिओथेरपी २० ते ६४ वयाच्या माणसाला साधारणपणे खिशातून किंवा नोकरीच्या विम्यातून करावी लागते. ऑन्टॅरिओच्या कायद्याने आजारपणाची हक्काची रजा वर्षाला तीन दिवस, तीही बिनपगारी. नवीन माणसाची नोकरी बहुतेकदा तासावर असते. ऐंशी डॉलर वाचवून घेतलेला बूट असा हजारात जातो.

आणखी एक: मायनस २० च्या दिवशी लोक जपून चालतात, पण आपटतात ते मायनस दोन ते प्लस दोनच्या दिवशी. दुपारी बर्फ वितळतो, रात्री तेच पाणी गोठतं, आणि सकाळी फुटपाथवर नुसता ओला डाग दिसतो. त्याला इथे ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. पन्हाळीचं पाणी जिथे सांडतं ती जागा, ड्राइव्हवेचा उतार आणि बसस्टॉपजवळचा कडा हमखास धोक्याचे. हात खिशातून बाहेर ठेवा, पावलं आखूड टाका, अख्खा तळवा एकदम टेकवा. बुटावर चढवायचे काट्यांचे पट्टे घेतलेत तर दुकानात किंवा मॉलमध्ये शिरताना काढा, कारण फरशीवर तेच पट्टे पाडतात.

कपड्यांचं थोडक्यात सांगतो. अंगालगत सुती बनियन नको. घाम आला की सूत ओलं राहतं आणि गारठा आत शिरतो. मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. बोटांच्या हातमोज्यांपेक्षा मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे मोजे, जास्त ऊब देतात. हवामान बघताना तापमानाबरोबर ‘विंड चिल’, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, बघा. तो मायनस २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. मायनस ४० च्या खाली ५ ते १० मिनिटांत.

आता उजेड. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं आणि काल सहाला मावळलेला सूर्य आज पाचला मावळतो. डिसेंबरात पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सगळ्यात लहान दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. पुण्यात त्याच दिवशी अकरा तास उजेड असतो, म्हणून आपल्या शरीराला हे कळायला वेळ लागतो. ऑफिसला अंधारात जायचं आणि अंधारात परत यायचं असं झालं की आठ-दहा दिवसांत मरगळ येते.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. रोज दुपारी बाराच्या आत वीस ते तीस मिनिटं बाहेर. ढग असले तरी बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कित्येक पट असतो. खिडकीशी बसून ते होत नाही. डबा खायच्या आधी एक चक्कर मारा, नंतर नको. जेवल्यावर खुर्ची सुटत नाही. डाउनटाउनला नोकरी असेल तर ‘पाथ’ नावाचं तीस किलोमीटरहून लांब भुयारी जाळं आहे. वादळाच्या दिवशी ते चालायला उत्तम, पण रोज तिथूनच ये-जा केलीत तर सूर्य मार्चपर्यंत दिसणार नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर लाइट थेरपीचा दिवा. तो १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आणि अतिनील किरण गाळणारा हवा. उठल्यापासून तासाभरात वीस ते तीस मिनिटं, चेहऱ्यापासून कंपनीने लिहिलेल्या अंतरावर. हे अंतरच लोक चुकतात. स्वस्त लहान दिव्यांवर दहा हजाराचा आकडा असतो, पण तो जेमतेम वीतभर अंतरावरचा. हातभर लांब ठेवलात की निम्माही उजेड उरत नाही. दिवा जरा बाजूला ठेवा, त्याच्याकडे टक लावून बघू नका, समोर पेपर वाचा किंवा चहा घ्या. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. डोळ्यांच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळली, भूक-झोप गेली, तर दिव्याच्या भरवशावर राहू नका, फॅमिली डॉक्टर किंवा वेळ न ठरवता जाता येणारं वॉक-इन क्लिनिक गाठा. आपल्याकडे हे सांगायला लोक लाजतात. इथे लाजायचं काही कारण नाही.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक इशारा. हिवाळ्यात इथल्या उन्हातून ते कातडीत जवळपास तयार होत नाही, आणि सावळ्या रंगाला उन्हाळ्यातही जास्त ऊन लागतं. हेल्थ कॅनडाची मोठ्यांसाठी शिफारस ७० वर्षांपर्यंत रोज ६०० युनिट, पुढे ८००, आणि वरची मर्यादा ४,०००. भारतातून येताना लोक ६०,००० युनिटची पाकिटं घेऊन येतात. ती डॉक्टरांनी कमतरता बघून आठवड्याला एक, ठरावीक आठवडे घ्यायला दिलेली असतात. ती रोज खाणारी माणसं आहेत. कृपा करून खाऊ नका, रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येतं. इथल्या दुधात ड जीवनसत्त्व घातलेलं असतं, विकतच्या दह्यात असेलच असं नाही. त्याच दुधाचं दही घरी विरजा. थंडीत लागत नसेल तर ओव्हन न पेटवता फक्त त्याचा आतला दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेवा.

आता छंदाचं. आपली मराठी मंडळी प्रेमळ आहेत, पहिल्या महिन्यात चार घरची जेवणं होतात आणि त्याचा आधारही वाटतो. पण हिवाळाभर शनिवार म्हणजे कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये बसून भजी आणि ‘बाहेर काय थंडी आहे’ हाच विषय, हे मला पटत नाही. आजूबाजूला बघा. इथले लोक मायनस दहात पोरांना घेऊन रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, जातात. थंडीसाठी बेत रद्द न करण्याची त्यांची सवय उचलण्यासारखी आहे. म्हणून माझा आग्रह एकच: स्केटिंग शिका. टोरांटो शहराची पन्नासहून जास्त उघड्यावरची रिंक आहेत, नोव्हेंबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, आणि हौसेने स्केटिंग करणाऱ्याला तिकीट नाही. नेथन फिलिप्स चौकात स्केट भाड्याने मिळतात. पहिल्या दोन-तीन वेळा भाड्याचेच वापरा. एटोबिकोच्या कर्नल सॅम्युअल स्मिथ बागेत गोल मैदानाऐवजी झाडांमधून वळणारी बर्फाची वाट आहे. थोडं जमू लागलं की तिथे जा.

विकत घ्यायचे तर जुने घ्या, पण मापात. हॉकीचे स्केट रोजच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. ‘जाड मोजे घालू’ म्हणून मोठे घेतले की घोटा आत हलतो आणि पाऊल आतल्या बाजूला मुडपतं. मग लोक म्हणतात, माझे घोटे कमजोर आहेत. घोटे ठीक असतात, माप चुकलेलं असतं. मोजा एकच, पातळ. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की सुटली पाहिजेत. नाडी बोटांवर सैल, पावलाच्या मधल्या भागापासून घोट्यापर्यंत घट्ट, आणि वरच्या दोन छिद्रांना पुन्हा थोडी सैल म्हणजे गुडघा पुढे वाकतो. नाडी घोट्याभोवती गुंडाळू नका. नव्या स्केटला दुकानातून बहुतेकदा धारच नसते. पात्याच्या खोलगट धारेचं माप विचारतील, ‘अर्धा इंच’ सांगा. काँक्रीटवर दोन पावलं टाकलीत तरी धार जाते, रबरी चटईवरच चाला. घरी आल्यावर पातं पुसा आणि कापडी खोळीत ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरात रात्रभर राहिलं की गंज चढतो.

शिकायचं ते आधी पडायला. गुडघे वाकवून कुल्ल्यावर एका बाजूला बसल्यासारखं पडा, मुठी बंद, म्हणजे दुसऱ्याचं पातं बोटांवरून जात नाही. उठताना दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाऊल बर्फावर टेका, दोन्ही हात त्या गुडघ्यावर दाबा आणि वर या. हे पाच वेळा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग खुर्चीत बसायला निघाल्याइतके गुडघे वाकवून जागच्या जागी पावलं उचला. अंग जरा पुढे. मागे रेललात की पाय पुढे निघून जातात आणि डोक्याचा मागचा भाग आपटतो, म्हणून हेल्मेट पहिल्या दिवसापासून, मोठ्यांनीही. मनगटाचे गार्ड घालायलाही लाजू नका. पावलं जमली की टाचा जवळ, चवडे बाहेर ठेवून दोन्ही पाय फाकवा, मग चवडे आत वळवून पुन्हा जवळ आणा. बर्फावर लिंबाच्या आकाराची रेघ उमटते. याच हालचालीत चवडे आत ठेवून टाचा बाहेर दाबल्या की थांबता येतं. कठड्याला धरून फेऱ्या मारण्याची सवय मोडा. कठडा धरला की पाठ वाकते आणि तोल कधीच सापडत नाही. आठवड्यातून दोनदा, पाऊण तास, असे चार आठवडे दिलेत तर न धरता फेरी होते. हॉकीची वेळ वेगळी असते, तेव्हा आत जाऊ नका.

तळ्यावरच्या बर्फावर मात्र नको. कॅनेडियन रेडक्रॉस एका माणसाला किमान १५ सेंटीमीटर जाडी सांगते, पण नव्या माणसाला ती ओळखता येत नाही. वस्त्यांमधली पावसाच्या पाण्याची तळी तर कधीच सुरक्षित नसतात, कारण रस्त्यावरचं मीठ त्यात उतरतं आणि खालून पाणी वाहतं.

जिमच्या वार्षिक करारपत्रावर तिथल्या तिथे भावनेच्या भरात सही करून बसलात तर ऑन्टॅरिओत दहा दिवसांत लेखी कळवून रद्द करता येतं. त्याआधी कम्युनिटी सेंटर बघा. पोहण्याचे वर्ग स्वस्त असतात, पण टोरांटोत नोंदणी सकाळी सातला उघडते आणि काही मिनिटांत भरते, म्हणून खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा. लायब्ररीचं कार्ड पहिल्याच आठवड्यात काढा.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांना मोज्यांवर चप्पल घालून दारात उभं राहू देऊ नका. पुन्हा बूट, तेच पकडीचे. अॅलन गार्डन्सचं काचघर फुकट आहे आणि आत उबदार हवेत केळी, ताडमाड दिसतात. तासभर तिथे त्यांचा जीव रमतो. बर्फ काढायचं फावडं मात्र बाबांच्या हाती देऊ नका. थंडीत, जेवणावर, जड ओला बर्फ उचलताना हृदयावर एकदम ताण येतो. तुम्हीही उचलण्यापेक्षा ढकला.

घरातला छंद म्हणून तुळस सांभाळून बघा. रात्र दहा अंशांखाली जायला लागली की, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून, कुंडी आत घ्या. तुळशीच्या लग्नापर्यंत बाहेर ठेवलीत तर काडी उरते. आणण्याआधी पानांची खालची बाजू नळाखाली धुवा, लिटरभर पाण्यात चमचाभर साधा साबण घालून फवारा, दहा मिनिटांनी पुन्हा धुवा. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी नावाची बारीक कीड फोफावते. पानावर बारीक पिवळे ठिपके आणि काड्यांमध्ये जाळी दिसली की समजा आणि फवारणी दर पाच दिवसांनी करा. जमिनीतल्या गरम हवेच्या झडपेवर कुंडी नको, आणि पानं काचेला टेकू देऊ नका, काळी पडतात. खिडकीचा उजेड पुरत नाही. शेंड्यापासून वीतभर वर एलइडी ग्रो लाइट, टायमरवर चौदा तास. वरची दोन सेंटीमीटर माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही, नाहीतर मुळं कुजतात आणि चिलटं होतात. मंजिऱ्या खुडत राहा, पण दोन-चार वाळू द्या. मार्चच्या मध्याला रिंक बंद होतील, त्याच आठवड्यात ते बी ओल्या मातीवर नुसतं पेरा, वर माती लोटू नका, त्याला उगवायला उजेड लागतो. साधारण दोन आठवड्यांत अंकुर येतात. मेअखेरीस रात्री दहा अंशांच्या वर टिकल्या की रोपं बाल्कनीत न्या, पहिले काही दिवस सावलीत.