पर्यावरण कायद्यासाठी लॉ कॉलेज कसे निवडावे

"आमच्याकडे पर्यावरण कायदा शिकवला जातो" हे वाक्य जवळपास प्रत्येक लॉ कॉलेजच्या माहितीपत्रकात सापडेल. त्याला भुलू नका. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनी हा विषय सक्तीचाच आहे, म्हणजे एक पेपर सगळीकडे असणारच. खरा फरक त्या पेपरच्या पलीकडे आहे आणि प्रवेशाआधी आठवडाभरात तो तपासता येतो.

1. मान्यता आणि वाट

कॉलेजला बार कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे आधी पाहा. ती नसेल तर पदवी हातात असूनही सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, अडकते. पत्राद्वारे घेतलेल्या एलएलबीवरही सनद मिळत नाही.

बारावीनंतर पाच वर्षे की पदवीनंतर तीन? राज्यातल्या बहुतेक कॉलेजांना दोन्हींसाठी सीईटी सेलची, म्हणजे राज्याची, प्रवेश परीक्षा लागते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत बारावीनंतर क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन जाता येते. याच विषयात काम करायचे पक्के असेल, तर रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र किंवा कृषीची पदवी घेऊन मग तीन वर्षांचे एलएलबी करणे आम्हाला जास्त भक्कम वाटते. या खटल्यांत निम्मी लढाई सांडपाण्याच्या तपासणी अहवालावर होते. त्यातला बीओडीचा (पाण्यातल्या सेंद्रिय प्रदूषणाचे मोजमाप) आकडा ज्याला वाचता येतो, त्याला उलटतपासणीही करता येते.

2. अभ्यासक्रम नव्हे, प्रश्नपत्रिका मागा

अभ्यासक्रम कागदावर सगळ्यांचाच छान दिसतो. गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका विद्यार्थ्यांकडून मिळवा. दरवर्षी "शाश्वत विकासाची संकल्पना स्पष्ट करा" एवढेच विचारले जात असेल, तर तिथे वकिली शिकवली जात नाही. चांगला प्रश्न असा असतो: एका खाणीला पर्यावरण मंजुरी मिळाली, ती शेजारच्या गावाला दीड महिन्याने कळली. अपील कुठे करायचे, मुदत किती? उत्तरासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीचे खास न्यायपीठ, त्याच्या कायद्याचे कलम 16 उघडावे लागते. आदेश कळवला गेल्यापासून 30 दिवस आणि पुरेसे कारण दाखवले तर आणखी 60. त्यानंतर दार बंद. आणि आदेश 'कळवला गेला' तो नेमका कोणत्या दिवशी, यावरच पहिला वाद होतो.

आणखी दोन गोष्टींवरून शिकवणे ताजे आहे की नाही ते लगेच कळते. एक, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम 15 मध्ये अजून पाच वर्षांची कैदच शिकवतात का? 2023 च्या जन विश्वास कायद्याने ती काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांची शास्ती आणली, 1 एप्रिल 2024 पासून ती लागू आहे. दुसरे, न्यायाधिकरण ज्या कायद्यांखालचे दावे ऐकते, त्यांच्या यादीत (पहिल्या अनुसूचीत) सातच कायदे आहेत. 1972 चा वन्यजीव कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा त्यात नाहीत. हे माहीत नसलेला नवखा वकील चुकीच्या दारात अर्ज घालतो आणि पक्षकाराचे महिने वाया जातात.

3. गाव निवडा, मग कॉलेज

हा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोठा आहे. इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त करता येत नाही. चार आठवड्यांत एका प्रकरणाची फार तर एक तारीख पडते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, पाहणी समितीचा अहवाल, त्यावरच्या हरकती हा सगळा प्रवास पाहायचा तर त्याच शहरात राहावे लागते.

न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातची प्रकरणे तिथे येतात, म्हणून प्रदूषण आणि पर्यावरण मंजुरीच्या कामासाठी पुणे सोयीचे. जंगल, वन्यजीव आणि सामूहिक वनहक्क यांकडे ओढा असेल तर नागपूर बघा. हायकोर्टाचे खंडपीठ तिथे आहे, आणि ताडोबा व गडचिरोलीचे प्रश्नही त्याच टापूतले. कांदळवने आणि सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) यांसाठी मुंबई. पंचगंगेच्या काठच्या मुलांना आता घर सोडायलाच हवे असे नाही, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात हायकोर्टाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) बसते.

तासांची वेळही विचारा. हजेरी 70 टक्के लागते. कॉलेज सकाळी भरत असेल तर दुपार वकिलाच्या ऑफिसात घालवता येते, दुपारी भरत असेल तर ते जमत नाही.

4. शिक्षक आणि विधी साहाय्य केंद्र

विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना थेट विचारा: गेल्या वर्षी मुलांना एखाद्या जनसुनावणीला नेले होते का? पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीची (प्रकल्पावर लोकांच्या हरकती ऐकण्याची) सूचना किमान 30 दिवस आधी निघते आणि पर्यावरण आघात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो मराठी सारांश आणि मूळ इंग्रजी अहवाल शेजारी ठेवून वाचा. इंग्रजीत नोंदलेला ओढा मराठीत गायब झालेला दिसला, तर तीच तुमची पहिली हरकत. हे काम मुलांकडून करून घेणारे विधी साहाय्य केंद्र मूट कोर्टच्या (सरावाच्या खटल्यांच्या स्पर्धेच्या) दहा ढालींपेक्षा मोलाचे.

शिक्षक कंत्राटी आहेत का, हेही विचारा. दरवर्षी माणूस बदलला की अशी केंद्रे फलकापुरती उरतात.

पुढे एलएलएमला परदेशी जायचे असेल, तर अमेरिकेत व्हर्मॉन्ट, पेस, लुईस अँड क्लार्क ही नावे या विषयासाठी ओळखली जातात. पण आपला 1974 चा जल कायदा तिथे कोणी शिकवणार नाही. आधी इथला पाया घाला.

5. पसंतीक्रम भरण्याआधी फीचा हिशेब

राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वर्षाचा खर्च लाखांत जातो, शासकीय आणि जुन्या अनुदानित कॉलेजांत तो बराच कमी असतो. गावकऱ्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलाकडे पहिली दोन-तीन वर्षे मिळकत तुटपुंजी असते. डोक्यावर मोठे कर्ज असेल तर मनात नसतानाही कंपनीची नोकरी धरावी लागते. म्हणून कर्जाचा मासिक हप्ता आधी काढा, तो ज्युनिअर वकिलाच्या मानधनाशेजारी लिहा आणि मगच पसंतीक्रमात पहिले नाव भरा.