चराईचा आराखडा मांडण्याआधीची तयारी

चराईचा आराखडा करून द्यायला गेलात की पशुपालकाशी बोलणं हमखास एकाच प्रश्नावर येतं: एवढ्या जमिनीवर किती जनावरं ठेवता येतील? त्याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, आधी गवत मोजा. त्यासाठी पिशवीत एक मीटर बाय एक मीटरची सळईची चौकट, विळा किंवा कात्री, कागदी पिशव्या, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा आणि पक्क्या शाईचं पेन असू द्या. प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. त्यांत गवत घामेजतं आणि वजनाचा भरवसा राहत नाही.

घरून निघण्यापूर्वीच जागेचा नकाशा छापून घ्या. त्यावर पाणवठे, कुंपणं, फाटकं, ओढे आणि उतार मालकाला स्वतःच्या हाताने दाखवू द्या. बसून केलेला हा तासाभराचा उद्योग पुढचे अनेक वाद वाचवतो. मग जिथे जनावर फारसं जाणारच नाही तो भाग हिशेबातून वगळा. पाण्यापासून साधारण दीड किलोमीटरच्या पुढे गाईंची चराई कमी होते आणि तीन किलोमीटरच्या पलीकडे जवळजवळ थांबते. खड्या चढावरचं गवतही कागदावरच राहतं. मालक म्हणेल, माझ्या गाई सगळीकडे जातात. वाद घालू नका, तिथलं शेण बघून या.

नमुने घेताना चांगली जागा शोधू नका. एका रेषेत ठरावीक पावलांवर चौकट टाकायची. उघडी माती आली तर तीही मोजायची. गवत जमिनीलगत कापा, पण फक्त यंदाची वाढ घ्या. गेल्या वर्षीच्या करड्या काड्या बाजूला काढा आणि जनावरं तोंड लावत नाहीत ती झुडपं सोडा. वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. समजा चौकटीमागे सरासरी १२० ग्रॅम आली, तर हेक्टरी १,२०० किलो झाले. चराईजोगी जागा ४० हेक्टर असेल तर ४८,००० किलो. यातलं निम्मं उभं राहिलंच पाहिजे. उरलेल्या निम्म्यातलंही बरंचसं तुडवणीत, शेणाखाली आणि किड्यांच्या पोटात जातं, म्हणून जनावराच्या तोंडी चौथा हिस्सा धरा: १२,००० किलो. साडेचारशे किलोच्या गाईला दिवसाला सुमारे १२ किलो सुका चारा लागतो. म्हणजे २५ गाईंना ४० दिवस. हा आकडा ऐकून मालकाचा चेहरा पडतो, पण तो गोड करून सांगू नका.

निम्मं का सोडायचं, हे विचारलं जाणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवा. अमेरिकेत फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ मध्ये गवताच्या पानांची छाटणी करून मुळांची वाढ मोजली होती. निम्मी पानं काढली तेव्हा मुळांना फारसा फरक पडला नाही. ८० टक्के काढल्यावर मात्र त्यांची वाढ पार थांबली. मुळं खुजी राहिली की पहिल्याच उघडिपीत गवत मान टाकतं.

विसाव्याचे दिवस कॅलेंडरवरून ठरवू नका. भर वाढीच्या दिवसांत गवत लवकर सावरतं, कोरड्यात फार उशिरा. जनावरं परत कधी सोडायची हे खाल्लेल्या झुबक्याला पुरेशी पानं फुटली का, यावरून ठरतं. आणि कुरणाचा एकच भाग दरवर्षी सुरुवातीला चरायला देऊ नका; तिथलं सर्वांत गोड गवत आधी संपतं.

पाण्याच्या टाक्या पाझरतात का ते पाहा. हौदात पडलेल्या पक्ष्याला बाहेर येता येईल असा तिरपा उतार बसवा. खर्च थोडा, पण मेलेल्या पाखरांनी पाणी नासत नाही. मिठाचे खडे पाण्याजवळ ठेवायची सवय मोडा. ते न चरलेल्या भागात ठेवले की जनावरं आपोआप तिकडे वळतात.

सगळ्यात जास्त वेळ आराखड्यातल्या दुष्काळाच्या पानावर घालवा. अमुक तारखेपर्यंत अमुक इतका पाऊस झाला नाही, तर कोणती जनावरं आधी विकायची, हे बरं वर्ष असतानाच लिहून घ्या: म्हाताऱ्या आणि गाभण न राहिलेल्या गाई, मग दूध तुटलेली वासरं. चारा संपल्यावर भरलेल्या बाजारात विकणाऱ्याला भाव मिळत नाही, आणि तोवर कुरणाची मातीही उघडी पडलेली असते. उपाशी जनावर एरवी टाळलेल्या विषारी झाडांना तोंड लावतं, तोही धोका सांगून ठेवा.

फोटोच्या जागा खुंटी ठोकून पक्क्या करा आणि दरवर्षी त्याच सुमारास, त्याच दिशेने फोटो काढा. जाळीचा एक छोटा पिंजरा कुरणात उभा ठेवा. आतलं आणि बाहेरचं गवत शेजारी दिसलं की समजावून सांगायचं काम निम्मं होतं.

शेवटी, जनावरं प्रत्यक्षात कोण हाकतं ते विचारा. बहुतेकदा तो माणूस बैठकीत नसतो. त्याला बोलावून घ्या, फाटकांचा क्रम त्याच्याकडून तपासून घ्या आणि पुढच्या मोजणीची तारीख त्याच्याच सवडीने ठरवा.